अंगणातील शाळा

हिंगोली जिल्ह्यातून कयाधू नदी वाहते. तिच्या काठच्या गावांत, तसेच औंढा नागनाथ आणि कळमनुरी ह्या तालुक्यांतील वाड्यांत व तांड्यांत सकाळी एक ओळखीचे दृश्य दिसते. आई हळदीच्या शेतात खुरपणीला निघालेली असते, आणि तिचे तीन-चार वर्षांचे मूल गावातील अंगणवाडीची वाट धरते. तेथे ते गाणी म्हणते, गोष्टी ऐकते, चार मुलांच्या पंगतीला बसून जेवते. ‘अंगणवाडी’ हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे की, तो कधीतरी नवा होता, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. परंतु ह्या शब्दामागची कल्पना हिंगोलीपासून शेकडो मैल दूर, अरबी समुद्राच्या काठी बोर्डी नावाच्या गावात आकाराला आली. ती आकाराला आणणाऱ्या विदुषीचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. जातिभेद मानू नये, स्त्रियांनी शिकावे, ही त्या समाजाची शिकवण. ज्या काळात मुलीने चार इयत्ता शिकणे हेही पुष्कळ घरांत अनुचित समजले जाई, त्या काळात ताराबाई महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना प्रभा नावाची एक कन्या झाली. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. काही वर्षांनी ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि लहान मुलीला घेऊन त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे ठरविले. त्या काळी असा निर्णय घेणाऱ्या स्त्रीला समाजाचे बोल सोसावे लागत. ताराबाईंनी ते मुकाट्याने सोसले.

राजकोट येथे स्त्री-शिक्षिका तयार करणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते. त्याच्या प्राचार्यपदी ताराबाईंची नेमणूक झाली. पद मानाचे होते. शिक्षिका कशा घडतात, हे तेथे त्यांना जवळून पाहावयास मिळाले. त्या काळची बहुतेक प्रशिक्षणाची पद्धत अशी होती की, धडा कसा वाचून दाखवावा, फळ्यावर कसे लिहावे, वर्गात शांतता कशी राखावी, एवढेच शिकविले जाई. समोर बसलेले मूल कोण आहे, त्याच्या मनात काय चालले आहे, ते आज गप्प का आहे, हे प्रश्न कोणी विचारीत नसे. मूल शाळेच्या साच्यात बसले तर ते हुशार, न बसले तर ते मठ्ठ, असा सोपा न्याय होता.

ह्याच सुमारास ताराबाईंच्या वाचनात गिजुभाई बधेका ह्यांचे लेखन आले. गिजुभाई हे मूळचे वकील. भावनगर येथे १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. तेथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुलांना बक्षिसाची लालूचही दाखविली जात नव्हती. भरघोस मिशा असलेल्या ह्या गृहस्थांना गुजरातेत लोक प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, असे म्हणत. ताराबाईंना हे काम इतके भावले की, राजकोटचे मानाचे पद सोडून १९२३ साली त्या भावनगरला जाऊन राहिल्या.

गिजुभाईंनी ज्या पद्धतीचा आधार घेतला होता, ती पद्धत इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांनी घालून दिली होती. माँटेसरीबाईंची हकीगत येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. ज्या मुलांच्या बुद्धीची वाढ मंद आहे म्हणून लोकांनी त्यांना टाकून दिले होते, अशा मुलांसाठी त्यांनी प्रथम काम केले. हाताने स्पर्श करून, उचलून, जुळवून पाहता येतील अशी साधने त्यांनी वापरली, आणि ती मुले लिहूवाचू लागली. मग १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तेथेही हाच अनुभव आला. दोष मुलांत नव्हता; मुलांना जे दिले जात होते आणि ज्या रीतीने दिले जात होते, त्यात तो होता. हा विचार ताराबाईंच्या मनात खोल रुजला.

भावनगरच्या बालमंदिरात ताराबाई मुलांबरोबर राहू लागल्या. गुजराती भाषेत त्यांनी लेखन केले. पण एका बालमंदिराने देशातील मुलांचे काय होणार? मुलाला समजून घेणारे शिक्षकच नसतील, तर नव्या शाळा उघडूनही जुनेच शिक्षण चालू राहील, हे गिजुभाई व ताराबाई ह्या दोघांनाही दिसत होते. म्हणून १९२६ साली त्यांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली आणि शिक्षकांच्या तयारीचे काम हाती घेतले. शिक्षकांनी व पालकांनी वाचावे म्हणून संघाने ‘शिक्षणपत्रिका’ चालविली. तिच्या मराठी आवृत्तीची धुरा ताराबाईंनी वाहिली. मुलांना मारू नये, त्यांना भिववू नये, दुसऱ्याच्या मुलाशी त्यांची तुलना करू नये, अशा आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्या वेळी लोकांच्या गळी उतरविणे सोपे नव्हते. ताराबाई ते काम महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षे करीत राहिल्या.

पुढे ताराबाई मुंबईस परत आल्या. १९३६ साली दादर येथे त्यांनी शिशुविहार उभारला. त्याच्या जोडीला बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही चालू केले. शिशुविहारात मुलांची गर्दी होऊ लागली. ताराबाईंचे नाव शिक्षणक्षेत्रात आदराने घेतले जाऊ लागले. दुसऱ्या कोणाला ह्यात आयुष्याचे सार्थक वाटले असते. ताराबाईंना मात्र एक गोष्ट अस्वस्थ करीत होती. माँटेसरीची पद्धत रोममध्ये गरिबांच्या वस्तीत सुरू झाली होती. पण आपल्या देशात ती शहरातील सुखवस्तू घरांपुरती उरली होती. तिची साधने महाग होती. तिला चांगली इमारत लागे, लहान लहान मेजे व खुर्च्या लागत. ज्यांच्या घरी पाटी-पुस्तके होतीच, त्यांनाच हे नवे शिक्षण मिळत होते. खेड्यातील मूल, मजुराचे मूल, रानातील मूल ह्यांच्यापर्यंत ते पोहोचत नव्हते.

म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जेव्हा पुष्कळ लोक विश्रांतीचा विचार करू लागतात, तेव्हा ताराबाईंनी मुंबई सोडली. १९४५ च्या अखेरीस त्या बोर्डीला आल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्राची स्थापना केली. बोर्डी हे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात होते. २०१४ पासून तो तालुका पालघर जिल्ह्यात आहे. गावात चिकूच्या बागा, समोर समुद्र, आणि पूर्वेकडे डोंगरांच्या कुशीत वारली व इतर आदिवासींचे पाडे. निसर्गाने सुंदर असलेल्या ह्या प्रदेशात माणसांचे जिणे मात्र कष्टाचे होते. आदिवासी मजूर सावकाराच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले होते. त्याच १९४५ साली ह्या भागातील वारल्यांनी गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. अशा घरांतील मुलांना शाळा ठाऊक नव्हती, आणि शाळेलाही ती मुले ठाऊक नव्हती.

ह्या कामात ताराबाईंना एक मोलाची सहकारी मिळाली. तिचे नाव अनुताई वाघ. अनुताई पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. लहानपणी विवाह होऊन तेराव्या वर्षीच त्यांना वैधव्य आले होते. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्यातील चांगली नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या आणि ताराबाईंना गुरू मानून आयुष्यभर ह्याच कामात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. दारे सर्वांना उघडी होती. शुल्काची अडचण नव्हती, जातीची अट नव्हती. ताराबाईंना वाटले होते की, आता सर्व थरांतील मुले येतील. परंतु तसे झाले नाही. गावातील सुस्थितीतल्या घरची मुले आली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या आणि आदिवासींच्या वस्तीतील मुले आली नाहीत.

येथे ताराबाईंच्या आयुष्यातील खरी परीक्षा होती. ही मुले न आल्याबद्दल त्यांच्या आईबापांना दोष देणे सोपे होते. त्यांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असे म्हणून मोकळे होता आले असते. आणि असे म्हणणारे पुष्कळ होतेही. ताराबाईंनी तसे केले नाही. त्या वस्तीत गेल्या, झोपड्यांपुढे बसल्या, तेथील दिवस कसा उगवतो व कसा मावळतो हे त्यांनी पाहिले. आईबाप पहाटेच कामाला जात. थोडी मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळी. अंगावर धड वस्त्र नाही, म्हणून मुले गावात येण्यास लाजत. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले, त्या गावाच्या मध्यभागी असलेल्या शाळेत पाऊल टाकण्याची भीती तर सर्वांत मोठी होती. दार उघडे ठेवले म्हणजे सर्वांना आत येता येते असे नाही, हे ताराबाईंना तेथे उमगले.

मग त्यांनी उलट विचार केला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे. वस्तीतील एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून, सारवून घ्यावे आणि तेथेच बालवाडी भरवावी. शिक्षिकेने साधनांची टोपली घेऊन तेथे जावे. भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीने त्या भावंडासह यावे. कपडे नसतील तर नसोत. अशा रीतीने अंगणात बालवाडी भरू लागली, आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. मुलाला ते अंगण परके नव्हते. कामावरून परतलेल्या आईलाही तेथे क्षणभर उभे राहून आपले मूल काय करते, हे पाहता येई. हळूहळू वस्तीतील भीती कमी झाली.

अंगणवाडीतील दिवसाची सुरुवात पुस्तकाने होत नसे. प्रथम हातपाय धुणे, स्नान, केस विंचरणे, नखे काढणे. स्वच्छता ही उपदेशाने शिकवावयाची गोष्ट नव्हे, ती रोज करावयाची गोष्ट आहे, असा ताराबाईंचा कटाक्ष असे. त्यानंतर गाणी, खेळ, गोष्टी आणि हातांची कामे. शहरातील महागडी साधने तर येथे आणणे शक्यच नव्हते. ताराबाईंनी त्यांच्यामागचे तत्त्व घेतले आणि वस्तू मात्र भोवतालच्या घेतल्या. समुद्राकाठी शिंपले होते, ओढ्यात गोटे होते, रानात बिया, पाने, फुले आणि बांबू होता. लहानमोठे ओळखावयास शिंपले, हलकेजड ओळखावयास गोटे, मोजावयास बिया, आणि आकार व रंग ओळखावयास पाने. ज्या वस्तूंमध्ये मूल वाढले, त्याच वस्तू त्याच्या शिक्षणाची साधने झाल्या. त्यामुळे खर्च वाचला, हे तर खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी झाली की, आपल्या घरचे व रानचे जे आहे तेही शाळेत मानाचे आहे, हे मुलाला कळले.

मात्र ह्या साऱ्याचा कणा होता तो शिक्षिकेची तयारी. शिंपले कोणीही गोळा करील. पण ज्या मुलाने आजवर शाळा पाहिली नाही, त्याला न दुखवता, न घाबरविता शिकविणारी व्यक्ती गोळा करता येत नाही, ती घडवावी लागते. म्हणून बोर्डीत बालवाडीबरोबर बालसेविकांच्या प्रशिक्षणालाही महत्त्व दिले गेले. हे प्रशिक्षण केवळ व्याख्यानांचे नव्हते. शिकाऊ सेविकेला वस्तीत जावे लागे, अंगण झाडावे लागे, मुलांचे शेंबडे नाक पुसावे लागे, आपली साधने आपल्या हातांनी तयार करावी लागत. ज्या वस्तीत जाण्यास आपल्या घरचे लोक नाक मुरडतात, तेथे जाऊन मुलाला मांडीवर घेताना तिच्या स्वतःच्या मनातील भेदभावही गळून पडत असे. मूल रडले तर ते का रडले, एकटे बसले तर ते का बसले, ह्याचे निरीक्षण करणे हा तिच्या शिक्षणाचाच भाग होता. वर्गातील प्रत्येक मूल निराळे आहे, आणि म्हणून सर्वांना एकच माप लावणे हा अन्याय आहे, हे तिला पुस्तकातून नव्हे, तर रोजच्या कामातून समजत असे.

सुमारे एका तपानंतर हे केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता ते आदिवासी पाड्यांच्या अगदी सान्निध्यात आले. ताराबाईंनी साठी ओलांडली होती, तरी नव्या अडचणीवर नवा उपाय शोधण्याची त्यांची वृत्ती तशीच ताजी होती. धाकट्या भावंडामुळे मोठ्या मुलीची शाळा बुडते, हे त्यांनी बोर्डीत पाहिले होते. कोसबाडला त्यांनी एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा चालविली. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत, मोठी मुलगी शाळेत. तिन्ही भावंडे सकाळी एकत्र येत आणि एकत्र घरी जात. ह्या योजनेला विकासवाडी असे नाव देण्यात आले.

तरीसुद्धा काही मुले येत नसत. ती गुरे राखणारी मुले होती. सकाळी गुरे सोडावयाची आणि संध्याकाळी परत आणावयाची, हा त्यांचा दिवस. त्या कामावर घरातील भाकरी अवलंबून होती; ते काम सोडून शाळेत या, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? तेव्हा अंगणात गेलेली शाळा आता कुरणात गेली. जेथे गुरे चरत, तेथे झाडाखाली शिक्षक जाऊन बसू लागले. तेथील दगड, काटक्या, पाने हीच गणिताची साधने आणि भोवतालचे पक्षी, झाडे, गवत हीच निसर्गाची पाठ्यपुस्तके. गुरांवर लक्ष ठेवता ठेवता मुले अक्षरे गिरवू लागली. ही शाळा कुरणशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. ज्यांचा दिवसच मोकळा नसे, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्गही चालविण्यात आले. एक एक मूल शाळेबाहेर का राहते, हे पाहावयाचे, आणि त्याप्रमाणे शाळेची जागा, वेळ, साधने व शिक्षकाची वागणूक बदलावयाची, अशी ताराबाईंची रीत होती.

हे सर्व काम सुरळीत झाले, असे मात्र नाही. पैशाची चणचण नेहमीचीच होती. आज आलेली मुले उद्या आईबापांबरोबर कामाच्या शोधात निघून जात. पण ह्या अडचणींमुळे ताराबाईंची श्रद्धा डळमळली नाही. आपल्या हयातीत सर्व मुले शिकतील असा भ्रम त्यांना नव्हता; परंतु शिकविण्याची वाट सापडली, तर तीवरून पुढे इतर लोक चालतील, असा विश्वास होता.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब देऊन त्यांचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी त्यांच्यामागे कोसबाडचे कार्य १९९२ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालविले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील तेहेतीस ठिकाणी सुरू झाली. तिच्या केंद्रांना जे नाव मिळाले, ते अंगणवाडी. बोर्डीतील एका सारवलेल्या अंगणाचे नाव अशा रीतीने भारताच्या कानाकोपऱ्यांत जाऊन पोहोचले.

हिंगोली जिल्ह्याच्या गावांतील आणि तांड्यांवरील अंगणवाड्या ह्याच नावाच्या वारस आहेत. तेथील प्रश्न बोर्डीच्या प्रश्नांहून थोडे निराळे आहेत, पण त्यांची जात एकच आहे. तांड्यावरील मूल घरी बंजारा बोली बोलते, आणि शाळेची मराठी त्याला प्रथम परकी वाटते. कोणाचे आईबाप पावसाळा संपल्यावर ऊसतोडणीला जातात, आणि मूल वर्षाच्या मध्येच वर्गातून नाहीसे होते. कोणाला नीट दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचा पाय अधू आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत आज अशा सर्व मुलांना एकाच वर्गात सामावून घेण्याविषयी शिकविले जाते. फळ्याजवळ कोणाला बसवावे, एकच गोष्ट ऐकवून, दाखवून आणि हाताळावयास देऊन कशी शिकवावी, परतलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढावा, ह्याची चर्चा तेथे होते. ह्यातील तपशील नवा आहे. परंतु शाळेची घडी मुलाच्या गरजेप्रमाणे बदलली पाहिजे, हे त्यामागील सूत्र ताराबाईंनी अंगणात बसून स्वतः आचरून दाखविले होते.

शिक्षकाने वर्गात शिरताच हजर मुलांची गणती करावी, ही जुनी चाल आहे. ताराबाई गैरहजर मुलांचीही गणती करीत. जे मूल आले नाही, ते कोठे आहे आणि त्याची वाट कशाने अडली आहे, हे शोधण्यासाठी त्या उन्हातान्हात वस्त्यावस्त्यांतून हिंडल्या. मुंबईतील मानसन्मान सोडून वारल्यांच्या अंगणात बसणारी ही माउली शाळेच्या भिंतींपेक्षा शाळेबाहेरच्या मुलाला मोठे मानीत होती. गावोगावच्या अंगणवाडीत सकाळी जेव्हा चिमुकल्या आवाजांत गाणे सुरू होते, तेव्हा त्या आवाजांत ताराबाईंचे खरे स्मारक उभे असते.